पक्ष्याचा डोळा

गल्लीत मला थापाड्या म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण हे खरंच घडलंय. आमच्याच बैठकीच्या खोलीत, एका रविवारी, भर दुपारी. बायको साक्षीला आहे.

मला जुन्या मणीकामाचा नाद. काचेच्या बारीक मण्यांच्या माळा, पट्टे, बटवे. मागे एक शिवणकाम करणाऱ्या बाई वारल्या. त्यांची मुलगी घर आवरत होती, तिच्याकडून एक बटवा घेतला. निळ्या मण्यांत हिरवा पक्षी, त्याला लाल डोळा.

"आईने हा..." असं तिने सुरू केलं. मी नम्रपणे म्हटलं, जरा घाईत आहे, पुन्हा कधीतरी निवांत ऐकेन.

शिवणकामवालीच्या बटव्याला कोण विचारतो? त्या रविवारी पाहुण्यांना मी ठोकून दिलं, हा कैदेतल्या एका राणीने विणलाय.

टप्...

फरशीवर मणी पडावा तसा आवाज.

सगळ्यांनी खाली पाहिलं. काहीच नव्हतं.

मी पुढे रेटलं. राणीने मणी म्हणे भिंतीच्या फटीत लपवले होते.

टप्... टप्...

पाहुण्यांतल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "अहो, मघाशी पक्ष्याला शेपूट होती ना?"

होती. आता तिथे नुसते मोकळे दोरे होते.

पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. आम्ही दोघांनी बॅटरी घेऊन सोफ्याखाली, कपाटामागे शोधलं. एक मणी सापडेल तर शपथ! गुडघे झटकत बायको म्हणाली, "तुमची राणी राहू द्या. हा जिने विणला, तिचं नाव काय?"

ते मी कधी विचारलंच नव्हतं. राणीचं नाव पुन्हा काढायचं नाही, असं ठरवलं.

पण जिभेची सवय. पुढच्या पाहुण्यांसमोर राणी पुन्हा तोंडातून निसटली. पंख गेले... मग चोच... मग भोवतीचे निळे मणीही.

घाबरून त्या मुलीचं घर गाठलं. दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, सोडून गेली, कुठे ते माहीत नाही.

आता फक्त लाल डोळा उरलाय. बटवा खणात ठेवलाय. त्या बाईंच्या हातचं जगात दुसरं काही असेल, नसेल... हा एक मणी गेला, की त्या माझ्यामुळे पुसल्या जातील.

एवढं लिहिलं आणि...

खणातून आवाज आला. दोरा ओढल्यासारखा. सर्र...

उघडून पाहिलं. डोळा सैल होऊन लोंबत होता.

लिहिलेलं परत वाचलं. राणीची थाप तर मी कबूल केली होती. मग चुकलं कुठे?

'नम्रपणे.'

नम्रपणे नव्हतं ते. ती डोळे पुसत सांगत होती, आणि मी "तुमच्या आईशी मला काय करायचंय" म्हणून हसत जिना उतरलो. ती वरून बोलतच राहिली. आईचं नावही घेतलं असावं.

हे लिहिल्यापासून खण गप्प आहे.

बायको विचारतेय, नाव आठवतंय का?

'हो' म्हणायला तोंड उघडलं...

आणि मिटलं.