न विचारण्याचं वचन

सुया चोवीस होत्या... असायला हव्या होत्या अठरा. सकाळीही जास्तच भरल्या होत्या; आता मावशीने खण पुन्हा उपसला, पुन्हा मोजल्या. आयुष्यभर शिलाई मशीनपुढे बसलेल्या बाईची सुया मोजण्यात सहसा चूक होत नाही. दिवसाला चार सुया लागायच्या. सहा उरल्या म्हणजे पोरीने दीड दिवस इन्शुलिन टोचलंच नव्हतं! मावशीचे पाय आपोआप पोरीच्या बंद दाराकडे वळले, आणि उंबऱ्याशीच थबकले... तिने शब्द दिला होता.

पोर सोळा वर्षांची, नवऱ्याच्या पहिल्या बायकोची. आठ वर्षं मावशीने तिचं पथ्यपाणी, तिची टोचणी, तिच्या रक्तातली साखर, सारं निगुतीने सांभाळलं. आपल्यालाही एक मूल हवंय, हे नवऱ्याजवळ कधी बोललीसुद्धा नाही. आणि त्या अष्टौप्रहर काळजीलाच पोर विटली होती. महिन्यापूर्वी दवाखान्याने तरुण पेशंटांसाठी फोनवर एक चॅटबॉट सुरू केला. तो न रागावता विचारायचा, आज टोचलंस का, नसेल तर कुठे अडलं, उद्या काय जमेल. तेव्हा पोरीने सिस्टरसमोरच अट घातली.

"मी त्याला सगळं सांगेन. पण मावशीने सहा आठवडे एक शब्द विचारायचा नाही. ती विचारायला लागली की वाटतं, या घरात मी नाही, नुसती माझी साखर राहते. आणि बाबांना यातलं काही सांगायचं नाही, ते फोनच काढून घेतील."

"नाही विचारणार," मावशी म्हणाली होती, आणि तिने ओठ जणू टाके घालून शिवून टाकले. परवा जेवताना नवरा म्हणाला, "हल्ली तू तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीस. पोटची असती तर अशी वागली असतीस?" ते बोलणंही मावशीने घासाबरोबर गिळलं...

आता दारापलीकडून ओकारीचा आवाज आला. विचारावं, तर पोर पुन्हा कुणालाच खरं सांगणार नाही. न विचारावं, तर... मावशीने दार ढकललं.

पोर पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती. ओठ कोरडे, श्वास धापा टाकल्यासारखा. हातातल्या फोनवर तिचंच वाक्य होतं, 'काल-आज तुला खोटं सांगितलं. कालपासून टोचलं नाही. उलट्या होतायत.' खाली उत्तर होतं, 'खरं सांगितलंस, बरं केलंस. हे मी घरबसल्या सावरू शकत नाही. आत्ताच हॉस्पिटलला जायला हवं. घरात कोण आहे? हाक मार.' आणि त्याखाली, 'मावशी आहे. पण ती विचारत नाही.'

"फोनमधला तो बिचारा खरं मानतो गं," पोर पुटपुटली. "तुला कळलं असतं."

"कळलं होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

मावशीने पोरीला कवेत घेऊन उठवलं, चपला न घालताच रस्त्यावर येऊन टॅक्सी थांबवली.

सलाइन लागलं, श्वास जरा सावकाश झाला, तेव्हा सिस्टर मावशीला म्हणाल्या, "अहो, पोरीला विचारायचं नव्हतं, तर मला तरी कळवायचं. आम्हीही तुम्हाला तसं सांगायला हवं होतं म्हणा." तेवढ्यात नवरा आला, बसचालकाच्या गणवेशातच, फेरी अर्धी सोडून.

"घरातच होतीस ना तू? लक्ष कुठे होतं तुझं?"

मावशीने मान खाली घातली. अजूनही ती शब्दाला जागत होती...

"बाबा, तिला बोलू नका." पलंगावरून क्षीण आवाज आला. "मीच तिचं तोंड बंद केलं होतं. तुम्हाला सांगायचं नाही म्हणूनही मीच बजावलं होतं."

परवाचं स्वतःचं बोलणं नवऱ्याच्या डोळ्यांत उतरलेलं मावशीला दिसलं. त्याने कोपऱ्यातली खुर्ची उचलून पलंगाशी आणली आणि मावशीला खांद्याला धरून तिच्यावर बसवलं.

"रोज विचारत जा," पोर म्हणाली. "फोनमधल्या त्यालाही मी खरंच सांगेन. पण तू एकदाच विचारायचं हं."

"आणि दोनदा विचारलं तर?"

"चिडेन."

"चीड की," मावशी म्हणाली, आणि महिनाभर कोंडलेले प्रश्न आसवांबरोबर एकामागून एक ओघळू लागले... तहान लागलीय का, हात दुखतोय का, उशी उंच हवी का... आणि पोर डोळे मिटून प्रत्येकाला उत्तर देत राहिली.