मज्जेतले पांढरे ठिपके

एमआरआयच्या पडद्यावर तृप्ती घोरपडेचा उजवा खुबा उमटला आणि डॉ. खानविलकर खुर्चीत पुढे सरकले. तृप्ती कोल्हापुरात खो-खो शिकवायची. खुब्याच्या हाडाचा गोळा झिजत चालला होता. एका दात्याच्या मूळपेशी टोचून तो पुन्हा भरायचा होता. दाता पुरुष होता. त्याच्या पेशी पुढे ओळखता याव्यात म्हणून ‘पुंपेशीदर्शक’ हे नवं द्रव्य तिला शिरेतून दिलं होतं. ते फक्त पुरुषाच्या पेशींना चिकटे आणि चित्रात त्यांचे पांढरे ठिपके दिसत. पेशी टोचण्याआधीचं हे चित्र कोरं यायला हवं होतं. पण हाडातल्या मज्जेत ठिपके आधीच विखुरलेले होते.

तृप्तीला कधी रक्त चढवलेलं नव्हतं. मग खानविलकरांना एकच कारण सुचलं. त्यांनी तिला नवऱ्यासमोरच विचारलं, आधी कधी मुलगा झाला होता का? ती नाही म्हणाली. लग्नाला बरीच वर्षं होऊनही त्यांना मूल नव्हतं. तिचा नवरा निलेश तडक उठून गेला. ती एकटीच रिक्षाने घरी गेल्याचं खानविलकरांना नंतर नर्सकडून कळलं.

अस्वस्थ होऊन त्यांनी पेशीतज्ज्ञ डॉ. मुक्ता रेगेंना फोन लावला.

“पोटातल्या बाळाच्या पेशी आईत उतरतात आणि जन्मभर राहतात,” रेगे म्हणाल्या. “पुढच्या खेपेला त्याच पेशी दुसऱ्या बाळातही जाऊ शकतात. तिला थोरला भाऊ असेल. विचारलंत का?”

ते त्यांनी विचारलं नव्हतं. आपली चूक कधी एकदा निस्तरतो असं त्यांना झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवरा-बायकोला बोलावून घेतलं. सोबत तृप्तीची आई कुसुमताईही आल्या. खानविलकरांनी हात जोडून माफी मागितली आणि त्या पेशी तृप्तीच्या थोरल्या भावाच्या असल्याचं सांगून टाकलं.

“मला भाऊ नाही,” तृप्ती म्हणाली. “मीच थोरली.”

कालच्या संशयाच्या शरमेने निलेशला बायकोकडे बघवेना. काल लेकीचं जे केलं तेच आज आपण आईचं केलं, हे खानविलकरांना तेव्हा उमगलं. ते घाईघाईने म्हणाले की दिवस गेल्याचं कळण्याआधीच गर्भ पडला तरी असे ठिपके राहू शकतात.

“पडला नव्हता,” कुसुमताई लेकीकडे पाहत म्हणाल्या. “लग्नाआधी झाला. दुसऱ्यांच्या ओटीत घातला.”

तृप्तीने आईचा हात धरला. खानविलकरांना मान वर करवेना.

कुसुमताईंनीच विचारलं, “डॉक्टर, त्याच्या पेशी माझ्यातही असतील?”

“असतील,” ते खालमानेनेच म्हणाले. “तिच्यात आल्या त्या तुमच्यातूनच.”