डाग जायच्या आधी

त्या उन्हाळ्यात मी पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालून फिरायचे आणि भेटेल तो विचारायचा, सुनीती, उकडत नाही का गं तुला? उकडायचं. पण सांगणार काय...

नेरूळच्या एका हॉस्पिटलात, त्वचेच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर एकच खुर्ची रिकामी होती. खिडकीतलं ऊन नेमकं तिथेच येत होतं. शेजारी एक जण वडिलांची फाईल मांडीवर घेऊन बसला होता. जरा वेळाने तो उठला.

"तुम्ही इकडे बसा. मघापासून नुसती ओढणीच सावरताय."

मी म्हटलं, मग ऊन तुम्हाला लागेल.

"लागू दे. तेवढंच फुकटचं व्हिटॅमिन."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. त्याचं नाव पार्थ. वडिलांच्या, म्हणजे जयप्रकाशकाकांच्या, हातांना खाज सुटायची. त्यांना घेऊन तो कामोठ्याहून आला होता.

मी तेव्हा जुईनगरच्या एका शाळेत मुलींना धावायला शिकवायचे. मैदानावरचं ऊन म्हणजे माझं घरच. आणि त्याच उन्हाने जणू दगा दिला... मानेवर, छातीवर, दंडांवर लालसर चकत्या उठल्या. कडेला खवले, मध्ये साफ, बांगडीसारख्या गोल. जवळच्या एका डॉक्टरांनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला आणि निदान सांगितलं : लुपस. शरीर स्वतःवरच उलटतं, तो आजार. आता हे आयुष्यभर, असंही म्हणाले. माझं लग्न तेव्हा जवळपास ठरलं होतं. त्या लोकांनी हळूहळू फोन उचलणंच बंद केलं.

डॉ. तस्नीम मुकादमांनी मात्र वेगळंच विचारलं. चकत्या येण्याआधी कुठल्या गोळ्या घेत होतीस? मी म्हटलं, कुठल्याच नाही. मग आठवलं... दिवसभर बुटात राहून पायाच्या नखांना बुरशी लागली होती, तिच्यासाठी एक गोळी चालू होती. अजूनही चालूच होती. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काही औषधांनीसुद्धा अगदी असाच लुपस उठतो," त्या म्हणाल्या. "तुकड्यात दोन्ही सारखे दिसतात. रक्तातही बरेचदा तेच सापडतं. वेगळे ओळखायचे, तर ही गोळी बंद करायची आणि वाट बघायची. चकत्या गेल्या, परत आल्या नाहीत, तर गोळीचा. राहिल्या, तर आपणहून आलेला. मग त्यालाही उपाय आहेत. पण आज मी खात्रीने सांगू शकत नाही."

लावायला मलम दिलं, ऊन टाळायला सांगितलं. आणि माझी वाट बघणं सुरू झालं.

पार्थ पुढच्या भेटीतही दिसला. मग हॉस्पिटलाखालच्या चहाच्या टपरीवर. मग काकांची खाज थांबली, तरी आम्ही भेटतच राहिलो... नेरूळच्या तळ्याभोवती संध्याकाळी चालायचो. तो बोलायचा फार. त्याच्या ऑफिसातले किस्से सांगताना हातवारे करायचा, आणि मध्येच गप्प होऊन माझ्याकडे बघायचा. पण चालताना माझी एक बाजू धरून ठेवायचा. वळण आलं की झटकन जागा बदलायचा. मला आधी ती त्याची खोड वाटली. एकदा जमिनीकडे लक्ष गेलं, तेव्हा कळलं : उतरतं ऊन तो आपल्या अंगावर घेत होता. मी त्याच्या सावलीतून चालत होते.

घरी येऊन मी रडले.

त्याने लग्नाचं विचारलं, तेव्हा तळ्याकाठी वारा सुटला होता. मी सांगितलं, थांब. आधी डाग जातायत का ते बघू दे.

"आणि नाही गेले तर?"

"तर... नाही."

"म्हणजे मी तुला विचारलं, आणि उत्तर तुझी कातडी देणार," तो म्हणाला. "मला नकोय असलं उत्तर, सुनीती. तू नाही म्हण, चालेल. पण तू म्हण."

त्यानंतर त्याचा फोन नाही. मी रोज आरशापुढे उभी राहायचे. एक चकती फिकी वाटायची, दुसरी तशीच. आणि एका सकाळी माझ्या लक्षात आलं, की मी बरी होण्याची वाट बघतच नाहीये. घाबरतेय. बरी होऊन हो म्हटलं असतं, तर प्रत्येक पुरळ उठताना वाटलं असतं, आता हा जाणार... आधीचे गेले तसा.

पुन्हा डॉक्टरांना दाखवायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी छत्री घेऊन मी कामोठ्याला गेले. दार पार्थनेच उघडलं. मी बाही वर सरकवली. दंडावरच्या गुलाबी कडा अजून दिसत होत्या.

"हे असेच राहिले तरी... माझं हो आहे."

त्याने माझ्या हातातली छत्री घेतली, मिटली आणि म्हणाला, "आत ये ना. ऊन लागतंय."

आतून काकांनी सगळं ऐकलं होतं. बाहेर येऊन ते शांतपणे म्हणाले, "मग गोरज मुहूर्त धरू. ऊन उतरलेलं असतं, पोरीला त्रास नको."

डाग जायला पावसाळा उलटला. आधी खवले गेले, मग लाली, शेवटी नुसता तपकिरी ठसा. परत काही उठलं नाही. गोळीचाच होता, डॉ. मुकादम म्हणाल्या, आयुष्यात पुन्हा ती गोळी घेऊ नकोस, आणि कुठल्याही डॉक्टरांकडे गेलीस तर आधी हे सांग.

आई म्हणाली, आता सकाळचा मुहूर्त घेऊया, पाहुण्यांना सोयीचं पडेल. मी नाही म्हटलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पण अजून आठवतं... अक्षता पडत होत्या, खाडीकडचं आकाश केशरी झालं होतं, आणि अंतरपाट खाली आला, तेव्हा पार्थ इतका वेड्यासारखा हसत होता की भटजींनी त्याला हार घालायची दोनदा आठवण करून दिली.