स्टोव्हवरचा थर्मोस्टॅट

बाळांनो, डोळे मिटा आणि जबलपूरजवळच्या खमरियातलं, दारूगोळ्याच्या फॅक्टरीचं एक क्वार्टर डोळ्यांपुढे आणा. एकाहत्तरचं साल, लढाईचे दिवस. खिडक्यांना काळे कागद. फॅक्टरीत सलग दोन पाळ्या, जोडपाळी करून आलेली शैलजा भिंतीला टेकून बसली आहे. शेजारी तिची आई नसलेली भाची, ज्योती.

उन्हाळ्यात याच दारापुढे एक ट्रक वाफा सोडत थांबला होता. मेकॅनिक रत्नाकर उतरला. हातात इंजिनात बसवायचा नवाकोरा थर्मोस्टॅट.

"दीदी, पातेलंभर पाणी तापवून देता का?"

"नवा आहे न? लावून टाका की."

"नवा म्हणूनच तपासून राहिलो. गार पाण्यात ही झडप मिटलेली पाहिजे, तापलं की उघडली पाहिजे. नाही उघडली, तर इंजिन रस्त्यातच उकळते."

तेव्हापासून तो वरचेवर येई, खिशात एखादा थर्मोस्टॅट घेऊन. 'दीदी' म्हणणं मात्र दुसऱ्या खेपेलाच गळालं.

"काहून हो, फॅक्टरीत पाणी तापत नाही?" शैलजा विचारी.

"तापते... पण तिथे बोलणी कोण ऐकवणार?"

आज मात्र स्टोव्हपाशी बसलेला तो हसत नव्हता. फौजेच्या गाड्यांबरोबर त्यालाही सीमेवर जायचं होतं... आजच. त्याने थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात सोडला आणि दोरा ज्योतीच्या हाती दिला.

"बुडाला लागू देऊ नको, ज्योती. बूड जास्त तापते, मग झडप आधीच उघडते, खोटी."

स्टोव्ह फरफरत होता. शैलजाचे डोळे जड झाले होते, पण तिला ते मिटायचे नव्हते.

"परत आलो, की आईला घेऊन येऊ... तुमच्याकडे?" तो पाण्याकडे बघत म्हणाला.

फलाटावर हात हलवून शैलजाचा हात थकला होता. भाऊ लढाईवर गेला, शेजारचे गेले... आता आणखी एकाची वाट बघायची?

"काका, हे उघडलं की तुम्ही जाणार?" ज्योतीने विचारलं.

"हो बेटा. लावायचा, अन् निघायचं."

पाण्यात झडप हळूच उचलली जाऊ लागली.

"आणा आईंना," शैलजा एकदम म्हणाली. "पण आधी तुम्ही या... धडधाकट."

रत्नाकरने मान वर केली. दोघं एकमेकांकडे बघतच राहिली.

तेवढ्यात दोरा रत्नाकरच्या हाती देऊन ज्योती उठली, माठातून गडूभर गार पाणी घेतलं आणि सगळंच्या सगळं पातेल्यात ओतून दिलं.