रुम्यानाचं तळं

यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. नेवेना माझी चुलत बहीण. लहानपणापासून ओळखतो तिला, ती थापा मारणाऱ्यातली नाही.

बल्गेरियातल्या डोंगराखालचं आमचं गाव, कालिनेवो. सप्टेंबरची संध्याकाळ होती, अंधार पडायला वेळ होता. घराघरांच्या अंगणात लाल मिरच्या भाजल्याचा वास सुटलेला.

आणि आभाळ काळंठिक्कर.

नेवेना ही ट्रिफोनची दुसरी बायको. ट्रिफोन गावाच्या पावसाळी गटारांचं काम बघतो. पूर्वी पाऊस पडला की रस्त्यावरचं तेल, माती, कचरा, सगळं थेट झेलेन्का नदीत जायचं. मासे उलटे होऊन तरंगायचे. मग ट्रिफोनच्या पहिल्या बायकोनं, रुम्यानानं, हट्टानं गटारांच्या तोंडाशी एक तळं खोदून घेतलं. स्वतः चिखलात उतरून लव्हाळी लावली. घाण तिथेच खाली बसते, नितळ पाणी पुढे नदीला मिळतं.

रुम्याना आजारपणात गेली. तळं राहिलं.

गावात त्याला कुणी नुसतं 'तळं' म्हणत नाही. रुम्यानाचं तळं.

नेवेनाला ते नाव टोचायचं. पाऊस आला की ट्रिफोन भरल्या ताटावरून उठायचा आणि तळ्यावर जायचा. परत यायचा तो गप्प, अंगाला लव्हाळ्यांचा वास घेऊन.

"सवतीकडे जाऊन आल्यासारखा दिसतोस," ती एकदा म्हणाली.

"वेडी की काय तू? मेलेल्या बाईवर कसली जळतेस?"

"जिवंत असती तर भांडून तरी घेतलं असतं!"

त्या संध्याकाळी ट्रिफोन कामासाठी परगावी गेला होता. पाऊस कोसळू लागला आणि शेजारची स्तोइका मावशी भिजत धावत आली.

"अगं नेवेना, बसडेपोतली डिझेलची टाकी फुटली! सगळं गटारात चाललंय. तळ्याची नदीकडची झडप बंद कर, नाहीतर नदी मेलीच समज!"

नेवेनानं धावतच नवऱ्याला फोन लावला.

"झडपेचं चाक उजवीकडे फिरव, पार शेवटपर्यंत," तो ओरडला. "फोन चालू ठेव!"

तिनं फोन तसाच रेनकोटच्या खिशात टाकला.

तळ्यावर डिझेलचा उग्र दर्प होता. रंगीत तवंग हळूहळू झडपेकडे सरकत होता. तिनं दोन्ही हातांनी चाक धरलं. जीव खाऊन जोर लावला.

हलेना.

मग तिच्या लक्षात आलं... आवाजच नव्हता.

पाऊस तर धो धो पडत होता. पण ना थेंबांचा आवाज, ना पाण्याचा.

फक्त लव्हाळ्यांतून कुणीतरी गुणगुणत होतं. बाई होती. काम करता करता बायका गुणगुणतात, तसं... निवांत.

लव्हाळी एकेक करून बाजूला होऊ लागली. कुणीतरी त्यातून चालत यावं तशी.

तिच्याचकडे.

चाकावरचे तिचे हात गारठले. आणि तिची बोटं... एकेक करून उचलली जाऊ लागली. हळूच. लहान मुलाच्या हातातून आपली वस्तू काढून घ्यावी तशी.

तिनं पळायला हवं होतं. पण भीतीच्या आधी तिला संताप आला.

"लग्न झाल्यापासून तुझंच नाव ऐकतेय मी!" ती किंचाळली. "गाव तुझं, तळं तुझं, तोसुद्धा तुझाच! मग कर ना तूच बंद! मी कशाला मरू इथे?"

गुणगुणणं थांबलं.

चाक फिरलं.

नेवेनाचे हात हवेत होते... आणि चाक कुरकुरत फिरत होतं. पार शेवटपर्यंत. झडप बसली. तवंग तळ्यातच अडकला.

तिच्या कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी सुखाचा सुस्कारा सोडला.

मग एकदम पावसाचा आवाज परत आला.

पाऊस लवकरच ओसरला. गावकऱ्यांनी तळ्यावरचं डिझेल उपसून काढलं. झेलेन्का वाचली. जो तो म्हणत होता, "रुम्यानाच्या तळ्यानं नदी राखली!" नेवेनाचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं.

ट्रिफोन घरी आला तो दारातच उभा राहिला.

"फोन चालू होता," तो म्हणाला.

"मग ऐकलंस ना, मी कशी ओरडले ते?"

"तू? तुझा आवाज आलाच नाही." तो हसला. इतक्या मायेनं हसताना तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. "तीच बोलत होती. सगळा वेळ."

"काय बोलत होती?"

तो बूट काढायला वाकला.

मी परवा नेवेनाला विचारलं, तळ्यावर जायची भीती नाही वाटत?

"वाटते ना," ती म्हणाली. "पण त्याला एकट्याला पाठवायची जास्त वाटते."

आता पाऊस आला की ती त्याच्या आधी उंबरा ओलांडते. आणि त्या दिवशी फोनवर काय बोलणं झालं, ते रोज विचारते.

तो नुसता हसतो...