कापड घातलं की सुट्टी

"जाड कागद एकेक करूनच द्यायचा, बाई. आणि शेवटी मशीनवर कापड घालायचं. कापड घातलं की माझी सुट्टी. तोवर मी कामावर."

ऑफिसातले काका हे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे. मलाही सांगितलं होतं.

नणंद यायला अजून वेळ आहे, तेवढ्यात लिहून काढते. देवापुढे बसून लिहिते आहे. इथे बसून खोटं लिहिलं तर मी जायचं कुठे?

आमचं ऑफिस जमिनीच्या मोजणीचं. नकाशे काढायचा प्रिंटर जुना, आणि तो ज्याच्यावर चालतो तो कॉम्प्युटर त्याहून जुना. जाड कागद त्याच्या ट्रेमधून जात नाही. एक कागद हाताने सरकवायचा, बटण दाबायचं, तो निघाला की दुसरा. काकांनी जन्मभर हेच केलं.

काका वारले. त्यांच्यामागे ते कापडही गेलं. रंगारी आले होते, त्यांनी हात पुसायला घेतलं म्हणे. कुणाला काय त्याचं?

मग माझ्या सासूबाई पडल्या, कंबरेचं हाड मोडलं. यांची नोकरी फिरतीची. साहेबांनी मला घरून काम करायची परवानगी दिली, पण बजावून.

"एकदा जरी नकाशे अडले, तर दुसऱ्या दिवसापासून रोज इथे खुर्चीत दिसायचं."

मी खुर्चीत बसले तर सासूबाईंना पाणी कोण देणार?

कालचीच गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती.

सकाळी गिऱ्हाईक नकाशे न्यायला येणार होतं. मी घरच्या लॅपटॉपवरून ऑफिसचा कॉम्प्युटर उघडला. कागद द्यायला आमचा ड्राफ्ट्समन तिथे थांबणार होता. सगळे नकाशे पाठवले आणि देवापुढे दिवा लावला.

दिवा लावला की तो विझेपर्यंत मी मौन पाळते. रोजचं व्रत आहे.

त्या कॉम्प्युटरला मीटिंगचा माइक कायम लावलेला असतो. तिथलं सगळं मला घरी ऐकू येतं.

पडद्यावर अक्षरं आली. 'कागद द्या.'

मग...

टक. टक.

कागदाची कड टेबलावर आपटून सरळ केल्याचा आवाज. मशीन घरघरलं. पहिला नकाशा निघाला.

'कागद द्या.'

टक... टक.

मला बरं वाटलं. शिकला म्हणायचा! एरवी हा कागद कसाही कोंबतो.

तेवढ्यात फोन वाजला. ड्राफ्ट्समनच.

"ताई, मौन चालू असेल ना? नुसतं ऐका. तसंही तुम्ही बोलता तेव्हा तरी कुठे ऐकू येतं!" तो हसला. "रागावू नका हं. पोराला ताप आला म्हणून मघाशीच निघालो. घरी पोचलोसुद्धा. सकाळी लवकर जाऊन सगळं काढतो. आता पाठवू नका काही, तिथे कागद द्यायला कुणी नाही. किल्ली माझ्या खिशात आहे."

त्याच्यामागे पोर रडत होतं.

आणि लॅपटॉपमधून...

टक. टक.

फोन कानालाच राहिला. ओरडावं तर मौन.

आतून सासूबाईंनी विचारलं, "कोण गं खोकतंय?"

मी खोकले नव्हते.

मग मलाही ऐकू आलं. दबकं, तोंडावर रुमाल धरल्यासारखं. नकाशावर थेंब उडू नये म्हणून काका तसेच खोकायचे.

"पाणी दे त्याला," सासूबाई म्हणाल्या.

शेवटचा नकाशा निघाला. मशीन थांबलं. वाटलं, सुटले.

पण नाही...

पावलं वाजली. टेबलाचा खण उघडला. मिटला. दुसरा उघडला. मिटला. मग कपाट. मग पुन्हा पहिला खण.

कुणीतरी काहीतरी शोधत होतं. आणि ते सापडत नव्हतं.

काय शोधतंय, ते मला कळलं. भीती होतीच, पण पोटात तुटलंही.

बोलता येत नव्हतं. ऑफिसच्या त्याच पडद्यावर कोरं पान उघडलं आणि लिहिलं, 'काका, कापड मी आणते. उद्या नक्की.'

खण अर्ध्यात थांबला.

मग खुर्ची करकरली... कुणी टेकल्यासारखी.

दिवा विझल्यावर मी जाड चादर कापली आणि शिवायला बसले.

सकाळी ड्राफ्ट्समनचा फोन. "काय ताई, थट्टा करता? कधी येऊन गेलात? नकाशे तयार, कडेला कड लावून ठेवलेले. मशीन अजून कोमट आहे! आणि ते कापडाचं काय छापलंय?"

ते पान मी छापायला दिलंच नव्हतं.

साहेब खूश आहेत. "आता घरूनच करत जा," म्हणाले. म्हणजे ऑफिसात पाय ठेवायची मला गरजच नाही. सकाळपासून हेच मनाला सांगते आहे. घडी घातलेलं कापड मांडीवर आहे, आणि खुर्चीची ती करकर कानातून जात नाही.

दार वाजलं. सासूबाईंजवळ बसायला नणंद आली.

सासूबाईंना मी यातलं अक्षरही सांगितलेलं नाही. तरी आतून म्हणाल्या, "जा गं लवकर. ताटकळला असेल बिचारा."

पिशवीत कापड घातलं आहे. निघते.