हिरवट झाक

"जरा हात द्या."

आवाज प्रिंटरच्या पोटातून आला. धाकटी दारातच थबकली. त्या खोलीत एकटं जायला अलीकडे ऑफिसातलं कोणी धजत नव्हतं, आणि आज तर यंत्र बोलायलाच लागलं होतं. पण बोललं ते सभ्यपणे, म्हणून तिनं भीतभीतच हात पुढे केला. प्रिंटरच्या मागून काळ्यानिळ्या पावडरीनं माखलेला एक पंजा आला, त्यानं तिचा हात धरला... आणि तसाच धरून ठेवला.

मग पंज्यामागून डोकं वर आलं. केस विस्कटलेले, नाकावर पिवळा ठिपका.

"मॅडम, झाकण उचलायला हात द्या म्हणालो मी."

"मग सोडा की."

"हो," तो म्हणाला. सोडला मात्र जरा सावकाश.

तो नवा मेकॅनिक. आणि ती धाकटी, म्हणजे ऑफिसात वयानं सगळ्यांत लहान. त्याच गुन्ह्यासाठी ओळखपत्रं छापायचं काम तिच्या गळ्यात पडलेलं. ऑफिसच्या दाराला नवं कुलूपयंत्र बसलं होतं आणि महिना संपला की नव्या ओळखपत्राशिवाय ते कोणाला आत घेणार नव्हतं. फोटो काढायचा, छापायचा, गळ्यात अडकवायचा, एवढंच. पण छापलेल्या प्रत्येक चेहऱ्यावर एक हिरवट झाक यायची. साधीसुधी नाही; पाण्याखाली बराच वेळ राहिलेल्या माणसाची असावी तशी.

पहिले हिरवे आले ते स्टोअरकीपर काका. त्यांनी हसत हसत कार्ड गळ्यात घातलं आणि त्याच संध्याकाळी जिन्यावरून घसरून पाय मोडून घेतला. मग हिशेबनीस ताई. त्यांचा आवाज बसला तो बसलाच. डॉक्टरांना घशात काही सापडेना. (ताईंच्या हाताखालच्यांनी डॉक्टर बदलू नका असं सुचवलं.) मग मोठे साहेब. त्यांनी आपला हिरवा चेहरा पाहिला, शांतपणे रजा टाकली आणि गेले ते फोनही उचलेनात. आता त्यांच्या बंद केबिनमध्ये भरदुपारी खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. साहेब हजर असताना त्या केबिनमध्ये इतकी हालचाल कधी नव्हती, म्हणून लोक जास्तच घाबरले.

सगळ्यांचं एकमत झालं होतं — हिरवा आला की माणसाला काहीतरी होतं.

आणि धाकटीचं कार्ड अजून छापायचं होतं.

"किरमिजी कमी पडतोय," मेकॅनिक म्हणाला. "तो रंग रुसला की माणसं हिरवी दिसतात. भूतबीत काही नाही."

त्यानं किरमिजी टोनरचा डबा काढून हलवला, नवा बसवला, आत कुठेतरी काच पुसली. मग यंत्रानं करड्या चौकोनांनी भरलेला एक कागद बाहेर टाकला. त्यातला कुठलीही झाक नसलेला चौकोन शोधायचा आणि त्याचा आकडा यंत्राला सांगायचा, म्हणजे रंग जुळतात. तो कागद त्यानं खिडकीपाशी नेला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"तुम्हाला कसा दिसतो?" त्यानं विचारलं. विचारताना तो कागदाकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

"मला काय विचारता? मेकॅनिक तुम्ही."

"तरी पण..."

"चांगला दिसतो," ती म्हणाली आणि कशाबद्दल म्हणाली हे तिचं तिलाच कळेना.

त्यानं एक आकडा दाबला. काकांचा चेहरा पुन्हा छापला, तर पहिल्यापेक्षा हिरवा.

मग तो येतच राहिला. यायचा, प्रिंटरच्या पोटात डोकं घालायचा, चौकोन छापायचा आणि तेच विचारायचा — तुम्हाला कसा दिसतो? रंग दर वेळी बिघडत गेला आणि बोलणं दर वेळी सुधारत गेलं.

"तुम्ही आलात की जास्तच बिघडतं," ती म्हणायची.

"म्हणून तर यावं लागतं."

"आमची मावशी म्हणते, असली माणसं घरी बोलावू नयेत."

"मावशींनी बोलावलंय?"

"विषय काढला होता."

"कोणी काढला?"

यावर तिला एकदम आठवायचं की तिला खूप काम आहे.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला तो ढगाळच. दुपारीच ट्यूब लावाव्या लागल्या; त्यातली एक फडफडत राहिली. लोक निमित्तं काढून लवकर पांगले. धाकटी पांढऱ्या भिंतीसमोर बसली, स्वतःचा फोटो काढला आणि खोलीत आली.

"आज माझा नंबर," ती म्हणाली. "नीट जुळवा. मला... भीती वाटते हो."

त्यानं चौकोनांचा कागद टेबलावर पसरला. बोट फिरवलं आणि एका चौकोनावर ठेवलं. "हा."

"थट्टा करू नका. तो शेवाळी हिरवा आहे."

"हा?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. बोट हललं नाही. प्रिंटर आपसूक जागा झाला, एक लांब श्वास सोडून गप्प बसला.

"तुम्हाला दिसत नाही," ती हळूच म्हणाली.

"लाल, हिरवा... फिकट झाले की मला सगळे राखाडीच." तो खाली बघत होता. "कंपनीला माहीत नाही."

"म्हणजे दर वेळी मला विचारत होता ते... त्यासाठी?"

"पहिल्या दिवशी त्यासाठी."

"आणि नंतर?"

"नंतर तुमचं उत्तर ऐकायला. पण उत्तर देताना तुम्ही कागदाकडे बघतच नव्हता."

हे खरं होतं. तिनंच बोट ठेवून चौकोन निवडला. त्यानं आकडा दाबला. काका छापले — गुलाबी. ताई गुलाबी. मोठे साहेब तर इतके तजेलदार की ओळखू येईनात.

मग तिचा फोटो. यंत्र अडखळलं, थांबलं आणि कागद सावकाश बाहेर आला. केस ओले असावेत तसे कपाळाला चिकटलेले. आणि चेहरा...

"छान आलाय," तो म्हणाला.

"पुन्हा छापा."

पुन्हा तोच. तोच टोनर, तोच कागद, तिच्या आधीचा माणूस गुलाबी.

"हिरवा?" त्यानं विचारलं. तिनं मान डोलावली.

त्यानं समजूत घातली नाही. गेला आणि पांढऱ्या भिंतीसमोर बसला. "माझा काढा."

"तुम्हाला कशाला कार्ड? तुम्ही इथले नाही."

"काढा तर."

तिनं काढला, छापला. कागद हातात घेतला.

"कसा आलाय? खरं सांगा."

खोटं बोलता आलं असतं. त्याला आयुष्यभर कळलं नसतं.

"हिरवा," ती म्हणाली. "माझ्यासारखाच."

"अगदी तोच?"

"तोच."

"मग ठीक आहे."

"यात ठीक काय आहे?"

"एकट्याला काही झालं तर वाईट. दोघांना एकदम होणार असेल..." त्यानं दोन्ही कागदांना फिती अडकवल्या, आपलं कार्ड तिच्या गळ्यात घातलं आणि तिचं स्वतःच्या. "मला तुम्ही तुम्हीच दिसता. तुम्हाला मी चालेन का, या रंगात?"

तिनं त्याच्या नाकावरचा ठिपका पदराच्या टोकानं पुसला. आजचा निळा होता. "निळा आहे हा," तिनं सांगितलं. "यापुढे मी सांगत जाईन."

ती दोघं दारापर्यंत पोचली तोच मागे प्रिंटर सुरू झाला. कोणी काही छापायला दिलं नव्हतं. एक कागद अलगद खाली पडला.

"बघायचं का कोण आहे ते?" त्यानं विचारलं.

"नको," ती म्हणाली आणि दिवा मालवला. "आपण दोघं झालो तेवढे पुरे."